मुक्कामाच्या सहलीचे सामान आणि उष्णतेचा हिशेब

दिवाळीची सुट्टी संपून थंडी पडू लागली की शाळाशाळांतून मुक्कामाच्या सहली निघतात. कोणी स्काउट-गाइडच्या शिबिराला जातात, कोणी शिक्षकांबरोबर एखाद्या गडाच्या पायथ्याशी तंबू ठोकतात. निघण्यापूर्वी सूचनाफलकावर यादी लागते : एक सतरंजी, एक चादर, एक स्वेटर, ताट-वाटी-पेला, बॅटरी, पाण्याची बाटली. यादीत तसे वावगे काही नसते. पण अमुक वस्तू का घ्यायची आणि तमुक का नाही, हे यादी सांगत नाही. मग होते काय, की सॅक फुगून कलिंगडासारखी होते, तिच्यात जाडजूड जीन्स असते, लोकरीची शाल असते, चार दिवस पुरेल इतका चिवडा असतो. आणि तरीही रात्री तीन वाजता अर्धा वर्ग कुडकुडत जागा असतो.

तेव्हा यादी बाजूला ठेवून आपण निराळ्या वाटेने जाऊ. सामानाचा विचार आपण उष्णतेच्या जमाखर्चाने करू. नववी-दहावीच्या पुस्तकातील वहन, अभिसरण, प्रारण आणि अप्रकट उष्मा एवढे चार शब्द तुम्हांला ठाऊक असले म्हणजे पुरे.

प्रथम जमेची बाजू. पन्नास किलो वजनाचा मुलगा किंवा मुलगी स्वस्थ पडून असताना अन्नाच्या ज्वलनातून सुमारे ८० वॅट दराने उष्णता निर्माण करते. म्हणजे तुमच्या प्रत्येकाच्या पोटात जणू एक ८० वॅटची शेगडी अखंड चालू आहे. चढण चढताना ती तिप्पट-चौपट जोराने पेटते, झोपेत मंद होते. शरीराच्या आतील भागाचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राखायचे तर ही शेगडी जितकी उष्णता देते तितकीच बाहेर गेली पाहिजे. जास्त गेली तर थंडी वाजते, कमी गेली तर घाम येतो. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ब्लँकेट, स्वेटर, घोंगडी यांपैकी कशातही उष्णता नसते. ही सारी मंडळी तुमचीच उष्णता सावकाश बाहेर सोडण्याचे काम करतात. ‘गरम कपडे’ हा आपला शब्दप्रयोग सोयीचा खरा, पण कपाटात ठेवलेला स्वेटर तापमापकाने मोजलात तर तो शेजारच्या सुती शर्टाहून एका अंशानेही गरम भरणार नाही.

ही उष्णता अडवतो कोण? लोकर नव्हे, लोकरीत अडकलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०२५ वॅट इतकी अल्प आहे. पाण्याची सुमारे ०.६, म्हणजे हवेच्या चोवीसपट. आणि सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, बेसाल्टची, जवळजवळ सत्तरपट. हवेसारखा स्वस्त उष्णतारोधक दुसरा नाही. तिला वजन जवळपास नाही आणि ती विकतही घ्यावी लागत नाही. अडचण एकच, की ती जागेवर थांबत नाही. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते. तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून ठेवण्यासाठी धागे, पिसे, कापूस लागतात. लोकरीचा धागा मुळातच कुरळा असल्यामुळे तो हे काम फार चांगले करतो. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी घेऊन आपले धनगर बांधव पिढ्यान्‌पिढ्या उघड्या माळावर रात्री काढत आले आहेत. तीच त्यांची गादी, तेच पांघरूण आणि पावसात तीच खोळ. वजनाला ती दोन-अडीच किलो सहज भरते, ही तिची एकच खोट. पण एका वस्तूत तीन कामे होत असतील तर तेवढे वजन मी तरी माफ करीन.

आता खर्चाची बाजू पाहू. कोणालाही विचारा, रात्री थंडी कोठून येते, तर तो म्हणेल वरून, वाऱ्याने. म्हणून सगळेजण पांघरुणाची काळजी घेतात आणि अंथरुणाकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात पहाटेपर्यंत अंगातील ऊब शोषून घेणारी चोर मंडळी पाठीखाली असते.

एक ढोबळ गणित करू. तुम्ही पाठीवर झोपलात म्हणजे शरीराचा साधारण ०.३ चौरस मीटर भाग जमिनीला टेकतो. त्वचेचे तापमान ३३ अंश आणि डिसेंबरच्या रात्री कातळाचे १३ अंश धरा, म्हणजे फरक २० अंशांचा. खाली दुहेरी चादर आहे. तुमच्या वजनाने ती दबून २ मिलिमीटर उरली आणि दबलेल्या सुताची वाहकता ०.०६ मानली, तर वहनाच्या सूत्राप्रमाणे उष्णता जाण्याचा दर होतो ०.०६ गुणिले ०.३ गुणिले २०, भागिले ०.००२, म्हणजे १८० वॅट. शेगडी ८० वॅटची आणि एका पाठीचाच खर्च १८०! अर्थात हा दर सुरुवातीचा आहे. पाठीखालचा दगड हळूहळू कोमट होतो आणि दर उतरतो. पण दगड चांगला वाहक असल्यामुळे ती ऊब तो पुढे सरकवीत राहतो आणि तुमची पाठ काही गरम होत नाही.

त्या जागी १ सेंटिमीटर जाडीची फोमची कॅरीमॅट घाला. तिची वाहकता ०.०४ च्या आसपास असते. गणित पुन्हा करा : २४ वॅट. तीन-चारशे ग्रॅम वजनाच्या त्या गुंडाळीने खर्च साडेसात पटींनी कमी केला. फोममधील बुडबुडे बंद असतात, म्हणून तुमच्या वजनाने त्यांतील हवा निसटून जात नाही. यातच त्याचे सारे मर्म आहे. कॅरीमॅट नसेल तर भाताचा पेंढा वीतभर जाड पसरावा. तेही जमले नाही तर वर्तमानपत्राचे दहा-बारा कागद थोडे चुरगाळून सतरंजीखाली घालावेत. कागदाच्या घड्यांतली हवा फुकटात मिळते. चुरगाळायला मात्र विसरू नका. सपाट कागद दाबला की त्यात हवा उरते कोठे?

महागड्या झोपण्याच्या पिशवीचेही, म्हणजे स्लीपिंग बॅगचेही, असेच आहे. तिच्यातला कापूस किंवा पिसे फुगलेली असतात तोवर ती काम करते. तुमच्या अंगाखालचा भाग दबून चपटा होतो आणि तेवढा जवळजवळ निकामी ठरतो. म्हणून माझे मत असे, की हाती थोडेच पैसे असतील तर ते जाड पिशवीवर न घालता आधी चटईवर घालावेत. दुकानदार सहसा उलटे सांगतो.

जमिनीचा बंदोबस्त झाला. आता वर पाहू. निरभ्र रात्री आकाश चांदण्यांनी फुललेले असते आणि उघड्यावर झोपायचा मोह होतो. पण १० अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ३६० वॅट इतकी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर फेकीत असते. ढग असतील तर त्यांतील बरीचशी परत येते. आकाश स्वच्छ व हवा कोरडी असेल तर साठ ते शंभर वॅटची तूट पडते आणि जमीन, गवत, तुमचे पांघरूण ही सर्व भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात काही हिवाळ्यांत पहाटे दवबिंदू गोठून पांढरे होतात, ही बातमी तुम्ही वाचली असेल. त्याच पहाटे महाबळेश्वर गावातील हवेचे तापमान शून्याच्या बरेच वर असते. मग दव गोठते कसे? एक तर गवताची पाती आणि मोटारींचे टप उघड्या आकाशाकडे प्रारण करून हवेपेक्षा थंड होतात. दुसरे असे, की थंड हवा जड असल्यामुळे रात्रभर उतारावरून ओघळत खोलगट भागात, पाण्याकाठी, साचून राहते.

या एका उदाहरणात तंबू कोठे ठोकावा याचे उत्तर आहे. तळ्याकाठची सपाट हिरवळ छायाचित्राला छान, मुक्कामाला वाईट. नदीचा काठ तर आणखी एका कारणाने टाळावा. वरच्या अंगाला पाऊस झाला तर लोंढा सूचना देऊन येत नाही. उतारावर थोडे वर, वाऱ्याच्या आडोशाला, डोक्यावर झाडाचा पर्णसंभार असेल अशी जागा उत्तम. झाडाच्या पानांचे तापमान हवेइतके असते, त्यामुळे ती तुमची बहुतेक अवरक्त किरणे परत पाठवतात. झाडाखाली रात्री झोपू नये, ते विषारी वायू सोडते, असे आजी सांगत असेल. रात्री झाड कर्बवायू सोडते हे खरे. पण शेजारी झोपलेला तुमचा मित्र त्याहून पुष्कळ अधिक सोडतो आणि त्याला कोणी बाहेर काढीत नाही! वाळलेली फांदी आणि आग्या मोहोळ मात्र दिवसाउजेडी पाहून घ्यावे, कारण ती भीती खरी आहे.

तंबूचे कापड आकाश आणि तुम्ही यांच्यामध्ये येते म्हणून प्रारणाची तूट कमी होते, वाराही अडतो. परंतु तंबू घट्ट बंद केला की दुसरीच पंचाईत. झोपेत श्वासातून आणि त्वचेतून प्रत्येकाच्या अंगातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. चौघांचे मिळून लिटरभर झाले. ही वाफ थंड कापडाला लागून निवते, थेंब धरतात आणि पहाटे अंगावर टपकतात. मुलांना वाटते, तंबू गळला. तो गळलेला नसतो, त्यांचाच श्वास परत आलेला असतो. वरच्या झडपा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. थोडी थंड हवा येईल, पण कोरडेपणा टिकेल. आणि कोरडेपणा हाच या सगळ्या हिशेबातला खरा कळीचा मुद्दा आहे.

तो कसा, ते सांगतो.

१९६४ सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील डर्बीशायरच्या टेकड्यांत ‘फोर इन्स’ नावाची पदभ्रमण स्पर्धा झाली. अंतर सुमारे ७२ किलोमीटर. स्पर्धक तरुण, धडधाकट, चालण्याचा सराव असलेले. त्या भागातील सर्वात उंच माथा आहे ६३६ मीटर, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. त्या दिवशी थंडी होती, पाऊस होता आणि वारा होता. तीन तरुण रोव्हर स्काउट थंडीने गारठून मरण पावले. ना हिमनदी, ना कडा, ना दरड. ग्रिफिथ प्यू या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या दुर्घटनेचा अभ्यास केला. १९५३ साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या तुकडीबरोबर गेलेला हाच तो शास्त्रज्ञ. तशाच प्रकारचे कपडे स्वयंसेवकांना घालून, ते भिजवून, वर वारा सोडून त्याने मोजमापे घेतली. भिजलेल्या कपड्यांवर वारा लागला की त्यांच्या मूळच्या उष्णतारोधक गुणाचा अगदी थोडा हिस्सा शिल्लक राहतो, असे त्याला दिसून आले.

याचे कारण दोन तऱ्हेने समजून घेता येते. भिजल्यावर धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी चोवीसपट चांगला वाहक आहे हे आपण पाहिलेच. दुसरे कारण याहूनही खर्चीक आहे. ते म्हणजे बाष्पीभवन. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. समजा, पिळून घातलेल्या सुती कपड्यांत ३०० ग्रॅम पाणी राहिले. ते अंगावरच वाळवायचे तर ७२० किलोज्यूल लागतील. ८० वॅटच्या शेगडीला एवढी उष्णता निर्माण करायला ९००० सेकंद, म्हणजे अडीच तास लागतात. काही उष्णता भोवतालच्या हवेतूनही मिळते, हे खरे. पण वाटा मोठा तुमचाच. अडीच तास तुमच्या पोटातली शेगडी फक्त शर्ट वाळवण्यासाठी जळते. शरीराच्या वाट्याला काय?

म्हणून जीन्स. ती जाड असते, म्हणून मुलांना उबदार वाटते. कोरडी असताना ती बरी असेल. भिजली की ती पुष्कळ पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही. सहलीच्या सामानातून एकच वस्तू काढा असे मला कोणी म्हटले तर मी ती काढीन. पॉलिएस्टरचा धागा स्वतःत पाणी जवळजवळ शोषून घेत नाही, त्यामुळे तशी पातळ पँट झटकली तरी निम्मी वाळते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि तिचा कुरळेपणा टिकून राहतो. याचा अर्थ ओली लोकर ही कोरड्या लोकरीइतकीच ऊब देते असा नव्हे. ती सुताइतकी लवकर हार मानीत नाही, इतकेच.

आपल्याकडे कोठे एवढी थंडी, असे कोणी म्हणेल. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर १८ ते २० अंश तापमान असते. घरात या तापमानाला आपण पंखाही लावू. पण दिवसभर चिंब भिजलेला, दमलेला, उपाशी मुलगा भन्नाट वाऱ्यात तासभर बसून राहिला तर वरचे गणित त्यालाही लागू पडते. थंडीचे भय तापमापकाच्या आकड्यावरून ठरवू नये. पाणी, वारा आणि थकवा हे तिघे मिळून ते ठरवतात.

शंका असेल तर घरी एक प्रयोग करा. सारख्या आकाराचे तीन पत्र्याचे डबे घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्यावर कोरडा सुती मोजा चढवा, तिसऱ्यावर पाण्यात भिजवून पिळलेला मोजा. तिन्हींत ५० अंशांपर्यंत तापवलेले सारखे पाणी ओता, झाकणे लावा आणि पंख्यासमोर लाकडी पाटावर ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. ओल्या मोज्याचा डबा उघड्या डब्याच्याही आधी निवतो. म्हणजे पंख्यासमोर ओले कापड घालण्यापेक्षा काहीच न घातलेले बरे! नंतर कोरड्या मोज्याचे दोन डबे घेऊन पंखा बंद करा. एक शहाबादी फरशीवर आणि दुसरा वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून पाहा. शिक्षकांनी हा प्रयोग सहलीच्या आदल्या आठवड्यात वर्गात करून घ्यावा. सूचनाफलकावरच्या यादीपेक्षा तो जास्त काम करील.

यातून सामानाचा पहिला नियम निघतो. झोपायचे कपडे म्हणून एक संपूर्ण कोरडा जोड, मोज्यांसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावा आणि काहीही झाले तरी तो चालताना वापरू नये. सकाळी कालचे ओलसर कपडे पुन्हा अंगावर चढवताना शहारे येतील, पण चालू लागलात की शेगडी पेटते. कोरडा जोड रात्रीसाठी. सॅकवर वरून घालायचे आवरण असते, त्यावर फार विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने आत उतरते. सॅकच्या आतच एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी व सर्व सामान तिच्यात भरावे. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डबीत.

बरोबरचा कोणी फार गारठला तर कसे ओळखावे, हेही येथेच सांगतो. प्रथम जोराची थरथर सुटते. ती शरीराची शेगडी भडकवण्याची युक्ती असते. पुढे हात बोथट होतात, गाठ सोडता येत नाही, पाय अडखळतात, जीभ जड होते, मुलगा चिडचिडा किंवा अगदी गप्प होतो. थंडी कायम असताना थरथर थांबली तर तो बरा झाला असे समजू नका. तो धोक्याचा इशारा होय. त्याला वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली कॅरीमॅट आणि वर पांघरूण द्या, आणि तो नीट शुद्धीवर असेल तर कोमट गोड चहा पाजा. हातपाय जोराने चोळू नका आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवण्याच्या मार्गाला लागा.

कपड्यांविषयी आणखी एक. चढताना तुमची शेगडी तीनशे वॅटला जाऊन पोचते आणि माथ्यावर बसलात की पुन्हा ऐंशीवर येते. एकच जाड कोट या दोन्ही अवस्थांना कसा पुरणार? चढताना तो घामाने आतून भिजेल आणि मग तोच ओला कोट तुम्हांला गारठवील. म्हणून दोन-तीन पातळ थर घ्यावेत. चढण लागण्यापूर्वी एक उतरवावा, थांबताक्षणी पुन्हा चढवावा. सर्वांत वर वारा अडवणारा पातळ विंडचीटर. नुसता स्वेटर म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने चाळण. पण त्यावर पातळसे कापड आले की आतली हवा जागेवर राहते. कानटोपी अवश्य घ्या. मात्र शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असे जे सांगतात, ते खरे नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आणि तेथून उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. बाकी सगळे अंग झाकलेले असताना डोकेच उघडे राहिले तर मात्र उरलेल्या खर्चात त्याचा वाटा मोठा होतो, एवढाच त्या समजाचा आधार.

आता पाणी. कोकणातील पायथ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यावर जायचे तर हजार मीटरचा चढ सहज पडतो. तुम्ही ५० किलो आणि सॅक १० किलो, मिळून ६० किलो. गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे कार्य ६० गुणिले ९.८ गुणिले १०००, म्हणजे ५८८ किलोज्यूल. आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्साच कार्यात बदलतात. म्हणजे एकूण खर्च २९४० किलोज्यूल आणि त्यातील सुमारे २३५० किलोज्यूलची उष्णता होते. थंड वाऱ्यात ती बरीचशी हवेतच जाईल. पण दुपारच्या उन्हात ती घामावाटेच जाणार. २४०० ने भागलेत तर जवळजवळ १ लिटर पाणी येते. वाफ न होता नुसता गळणारा घाम निराळाच. म्हणून या चढाला दोन लिटर पाणी ही चैन नव्हे. आता सॅकमधील प्रत्येक जादा किलोचा हिशेब करून पाहा. हजार मीटरला त्याचे सुमारे १६ मिलिलिटर पाणी, म्हणजे एक मोठा चमचा होते. पाण्याच्या दृष्टीने हे काही फार नाही. जादा वजन खरे छळते ते गुडघ्यांना, आणि तेही उतरताना.

स्वयंपाकाचे एकच सांगतो. चौदाशे मीटर उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, त्यामुळे तूरडाळ शिजवीत बसू नका. मुगाची खिचडी किंवा पोहे करा. पातेल्यावर झाकण ठेवा, नाही तर वाफेबरोबर इंधन उडून जाते. अभयारण्यात सरपण तोडायला किंवा विस्तव पेटवायला बंदी असते, तेव्हा वनखात्याकडे आधी चौकशी करावी.

सर्व वस्तू जमल्या, आता त्या भरायच्या. येथे उष्णता संपली आणि यामिकी सुरू झाली. बहुतेक मुले जड वस्तू शेवटी आठवल्या म्हणून बाहेरच्या कप्प्यात कोंबतात. सॅकचा गुरुत्वमध्य पाठीच्या कण्यापासून ३० सेंटिमीटर मागे गेला असे धरा. १० किलोच्या सॅकचे परिबल झाले ९८ न्यूटन गुणिले ०.३ मीटर, म्हणजे जवळजवळ २९ न्यूटन-मीटर. न वाकता ताठ उभे राहायचे ठरवलेत तर हे परिबल कण्याजवळच्या स्नायूंनी तोलले पाहिजे, आणि त्यांची भुजा असते जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणजे सुमारे ५९० न्यूटन बल हवे. दहा किलोच्या ओझ्यापायी साठ किलो वजनाइतका ताण! त्याच वस्तू अशा भरा की गुरुत्वमध्य १८ सेंटिमीटरवर येईल. ताण छत्तीस किलोवर उतरतो. सामान तेच, वजन तेच.

तेव्हा पाणी, शिधा, भांडी ही जड मंडळी पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. झोपायची पिशवी आणि कोरडा जोड तळाशी, कारण ते रात्रीपर्यंत लागणार नाहीत. हलक्या वस्तू बाहेरच्या अंगाला. विंडचीटर, बॅटरी, शिट्टी आणि औषधांची डबी वरच्या कप्प्यात, अंधारातही हाताला लागतील अशी. बॅटरी डोक्याला बांधायची मिळाली तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. पट्टे रुंद असावेत. बल तेवढेच राहून क्षेत्रफळ वाढले की दाब कमी होतो, हे तुम्ही आठवीतच शिकलात.

निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेली सॅक किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणा. शाळकरी मुलांनी आपल्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याहून अधिक ओझे घेऊ नये असे मला वाटते; म्हणजे पन्नास किलोच्या मुलाला सात-आठ किलो. काटा त्याच्या पुढे गेला तर वस्तू काढायला लागा. दुसरी जीन्स, दुसरे पुस्तक, चिवड्याचा दुसरा डबा यांपासून सुरुवात करा. कॅरीमॅट, कोरडा जोड आणि विंडचीटर यांना हात लावू नका. गटातल्या चौघांनी पातेले, दोरी आणि तंबू आपसांत वाटून घ्यावेत, म्हणजे एकच वस्तू चार वेळा जात नाही. आणि तोलताना पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असू द्या. रिकाम्या बाटल्यांनिशी तोललेली सॅक काट्यावर दोन किलोंनी हलकी दिसते आणि पहिल्याच चढणीवर ते दोन किलो पाठीवर येतात.